शनिवारच्या खेळात माझं काळीज

मंगळवार, ४ मार्च

मी बहिरी नाही आणि पडदा म्हणजे भिंत नाही, या दोन गोष्टी इथल्या मोठ्या डॉक्टरांना कोणीतरी सांगायला हव्यात.

सकाळी मनगटातून नळी घालून हृदयाच्या वाहिन्यांचे फोटो काढले. मग मला खाटेवर आणून टाकलं आणि पडदा ओढला. पडद्याच्या पलीकडे, हात लांब केला असता तर कोटाला लागला असता इतक्या जवळ, डॉक्टर माझ्या मुलाला सांगत होते, "आईंच्या तिन्ही वाहिन्या खराब आहेत. ज्या खोडापासून बाकीच्या फुटतात तेच जवळजवळ बंद आहे. हृदयाची ताकद निम्म्याहून कमी राहिलीय. हे सगळं आईंना सांगू नका, उगाच घाबरतील."

मुलगा म्हणाला, "नाही सांगत."

काळीज माझं, आणि त्याची बातमी मला पडद्याआडून चोरून ऐकावी लागते. शिवाय मी त्या डॉक्टरांची आई नाही. त्यांचे केस माझ्याइतकेच पिकलेत.

उभं आयुष्य मी लोकांना गाडी शिकवली. अर्धं गाव माझ्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलं. पाठीमागे मला ब्रेकबाई म्हणतात, तेही माहीत आहे. समोरून ट्रक येताना मी घाबरले नाही, ती आता चार शब्दांना घाबरणार होय? महिनाभर जिना चढताना छातीत जळजळायचं. मी पित्त समजले. ते पित्तच होतं असं मी अजूनही म्हणेन, निदान सुरुवातीला तरी.

बुधवार, ५ मार्च

बायपासवाले डॉक्टर येऊन गेले. फोटो पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. हृदय इतकं थकलंय की छाती उघडली तर टेबलावरून उठेन याची खात्री नाही म्हणे. म्हणजे मी नापास.

मग मोठे डॉक्टर आले आणि पुन्हा मुलाकडे तोंड करून बोलायला लागले. मी म्हटलं, "तो नाही, मी. इकडे बघा."

बघितलं त्यांनी. उभ्या उभ्या सांगितलं, आणि दाराकडे पाय ठेवूनच. समजलं ते त्यांच्याकडून नाही. त्यांच्या हाताखाली एक छोटी डॉक्टर आहे, सुनेच्या वयाची. ते गेल्यावर ती खाटेच्या कडेवर टेकली आणि तिनं रुमालावर पेनानं हृदय काढलं. वाहिन्यांत चुन्यासारखा थर साचलाय. तो बारीक ड्रिलनं घासायचा आणि मग आत जाळीच्या नळ्या बसवायच्या. पण हे करताना त्या वाहिनीतलं रक्त थोडा वेळ अडतं. धडधाकट हृदय ते सोसतं, माझं थांबेल. म्हणून जांघेतून पेन्सिलीइतका बारीक पंप वर सरकवत हृदयाच्या डाव्या कप्प्यात नेऊन ठेवायचा. तो आतलं रक्त ओढून पुढे सोडत राहतो. काम संपलं की काढून घ्यायचा.

मी म्हटलं, "म्हणजे शिकवणीच्या गाडीसारखं. शिकाऊ माणसाचा पाय लटपटला तरी माझा पाय माझ्या बाजूच्या पेडलवर असतो."

ती म्हणाली, "हो, फक्त तिथे तुम्ही ब्रेक लावता. हा गाडी चालू ठेवतो."

धोके विचारले. तिनं लपवलं नाही. पायातून रक्तस्राव होऊ शकतो, पायाचा रक्तपुरवठा अडू शकतो, मेंदूला झटका येऊन वाचा जाऊ शकते. सगळं ऐकून मला हलकं वाटलं. माहीत असलेला खड्डा चुकवता येतो.

तारीख मात्र पंधराची, शनिवारची. एवढे दिवस कशाला? तर बाहेरदेशाहून या पंपातले एक नावाजलेले डॉक्टर येणार आहेत, ते सोबत उभे राहतील. तोवर औषधांवर ठेवतील. ऐकून बरं वाटलं. माझ्यासाठी कोणीतरी समुद्र ओलांडून येतंय.

शुक्रवार, ७ मार्च

न्हाणीघरापर्यंत गेले आणि छातीवर कोणी गुडघा ठेवल्यासारखं झालं. जिभेखाली गोळी, हाताला सुई, आणि वर नर्सचं बोलणं, "मावशी, उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?" उठायचं नाही तर मग लवकर करून टाका की.

पडद्यापलीकडच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ आले आहेत. त्यांचंही दुखणं थेट माझंच, तेच खोड, तोच चुना. जन्मभर सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवायचे, ऑपरेटर. त्या खडखडाटानं कान गेले. त्यांची पुतणी मोठ्यानं बोलते आणि ते त्याहून मोठ्यानं, त्यामुळे त्या घरातलं आता मला सगळं ठाऊक आहे.

रविवार, ९ मार्च

यांच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण आज राहवत नाही.

हे रोज सकाळी येतात. खाटेपाशी उभे राहतात, पांघरूण सरळ असलं तरी सरळ करतात, आणि बाहेर लिफ्टजवळच्या बाकावर जाऊन बसतात. संध्याकाळपर्यंत तिथेच. सून म्हणते, "आई, बाबा पेपर वाचत असतात." आज पाणी द्यायला आत आले तेव्हा पाहिलं, पेपर गुरुवारचा. बायको मरणाच्या दारात, आणि हा माणूस तोच तो पेपर चार चार दिवस वाचतोय. दोन शब्द बोलायला काय जातं? लग्न झाल्यापासून कधी आवाज चढवला नाही की कधी मत दिलं नाही. चांगला माणूस आहे असं सगळे म्हणतात. चांगला आहेच. पण मला या घडीला चांगला माणूस नको आहे, बोलणारा हवा आहे.

मंगळवार, ११ मार्च

आज अक्षर वाईट येईल. येऊ दे.

सकाळी नर्स वेणी घालायला आली. छान पोर आहे, तिची चूक नाही. म्हणाली, "शनिवारी मावशी हिरॉइन. एवढं मोठं सभागृह भरणार तुम्हाला बघायला."

"कसलं सभागृह?"

तिचे हात थांबले. मला ठाऊक असेल असंच तिला वाटलं होतं. मग मी एक एक करून काढून घेतलं. शनिवारी इथे हृदयाच्या डॉक्टरांचा मेळावा आहे. खालच्या मजल्यावर सभागृहात मोठा पडदा लागणार. वर खोलीत माझ्या हृदयात पंप घालणार, ड्रिल फिरवणार, आणि खाली शेकडो डॉक्टर ते थेट बघणार. प्रश्न विचारणार. ते बाहेरदेशचे डॉक्टर समुद्र ओलांडून माझ्यासाठी येत नाहीयेत. ते मेळाव्याला येतायत आणि मी त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे, चहाच्या आधी.

मुलगा दुपारी आला. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

त्यानं हातातला डबा कपाटावर ठेवला. मग म्हणाला, "आई, ते सगळ्यात चांगले हात आहेत. एरवी आपल्याला मिळाले नसते. मी हो म्हटलं."

"मला विचारलं असतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"अरे, मग त्यासाठीच तर विचारायचं असतं."

यावर तो रडायला लागला. चांगला चाळिशीचा बाप्या, खाटेच्या कठड्याला डोकं टेकून. म्हणाला, "बाबा म्हणाले होते, आधी तिला विचार. पण बाबांचं काय, ते कुठे काय बोलतात. मला फक्त तू हवीयस गं." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. रागात होते. आता वाटतं ठेवायला हवा होता, पण राग गेलेला नाही आणि जाऊही नये.

मला पडद्याची लाज नाही. जन्मभर रस्त्यावर, चारचौघांत काम केलं. पण मला लायसनच्या परीक्षेची गाडी केली, आणि गाडीला कोणी विचारत नसतं.

बुधवार, १२ मार्च

मोठ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. मुलाला सांगितलं, बाहेर थांब. यांना सांगायची गरज नव्हती, हे बाहेरच होते.

मी म्हटलं, "शनिवारचा खेळ माझ्यावर होणार नाही."

ते शांत होते. म्हणाले, "आई, तुमचा चेहरा दिसणार नाही. नाव कळणार नाही. इतक्या डॉक्टरांनी हे बघितलं तर उद्या त्यांच्या गावातले पेशंट वाचतील."

"ते खरं असेल. मला विचारलं असतं तर कदाचित हो म्हटलं असतं."

"मग आता विचारतो."

"आता नाही म्हणते. आणि एक सांगा. एवढे दिवस मला झोपवून ठेवलंत, ते माझ्या काळजाला थांबणं बरं म्हणून, की सभागृह शनिवारी मिळालं म्हणून?"

त्यांनी खाटेला लावलेला माझा तक्ता उचलला आणि परत अडकवला. छोटी डॉक्टर त्यांच्या मागे उभी होती, तिनं नजर खिडकीकडे वळवली. मग ते म्हणाले, "औषधांनी तुमची स्थिती स्थिर होती. स्थिर नसती तर मी थांबलो नसतो."

हे उत्तर आहे की नाही ते मला ठरवता येत नाही. खोटंही नसेल. पण विचारलं ते हे नव्हतं.

"सोमवारी करू," ते म्हणाले. "कॅमेऱ्याशिवाय." आणि जाताना पहिल्यांदा "आई" म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत.

संध्याकाळी सून म्हणाली, "आई, तुम्ही फार लावून धरलंत." मी म्हटलं, धरणारच. सोडायला काय आहे माझ्याकडे?

गुरुवार, १३ मार्च

माझ्या जागी शेजारच्या ऑपरेटरांना घेतलं.

पडद्यापलीकडून मोठ्या डॉक्टरांना पुतणीला सांगताना ऐकलं, "काकांचा नंबर लवकर लागला. शनिवारी." ती बिचारी खूश. सभागृहाचं तिला ओझरतं सांगितलं, तिनं मान डोलावली. काकांना कोण सांगणार, त्यांना ऐकूच येत नाही.

म्हणजे मी नाही म्हटलं ते माझ्यापुरतंच झालं. माझ्या अंगावरचं झटकलं ते शेजाऱ्याच्या अंगावर पडलं. हे मला सहन होईना. उठायची बंदी, म्हणून बेल दाबली आणि नर्सला म्हटलं, मधला पडदा काढ. नंतर छोट्या डॉक्टरला बोलावलं. म्हटलं, "यांना विचारा. त्यांच्या कानात, मोठ्यानं, सगळं. नाहीतर मी ओरडून विचारीन, मग माझ्या छातीचं काय व्हायचं ते होऊ दे."

तिनं मोठ्या डॉक्टरांनाच आणलं. ते वैतागलेले दिसत होते, पण आले. म्हाताऱ्यांच्या कानाशी वाकले. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना सांगावं लागलं, पंप कुठे, ड्रिल कशाला, खाली किती माणसं. मीही माझ्या खाटेवरून विचारलं, "मध्येच काही बिघडलं तर?"

"पडदा बंद. तेव्हा कोणी काही बघत नाही, आणि आम्हीही कोणाशी बोलत नाही. हे आधीच ठरलेलं असतं."

हे ठरलेलं असतं, तर चांगलं आहे. मग ते आम्हाला सांगायला कोणाचं काय जात होतं?

म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पडदा केवढा?"

डॉक्टरांना माहीत नव्हतं. "मोठा आहे काका."

"हाऊसफुल्ल?"

"बहुतेक."

म्हातारा असा हसला की कवळी दिसली. "आयुष्य गेलं त्या मागच्या खोलीत. सगळे हिरो मी पडद्यावर टाकले, मला कधी कोणी बघितलं नाही. टाका मला. पुढच्या रांगेतल्यांना सांगा, रक्त बघून पाय वर घेऊ नका."

वॉर्ड हसला. पुतणी हसता हसता डोळे पुसत होती. मोठे डॉक्टरही हसले, आणि हसताना ते चक्क माणसासारखे दिसले. मी हसले नाही. मी त्यांच्यासाठी भांडले आणि ते नवरदेवासारखे तयार. पण त्यांना विचारलं गेलं. हो म्हणायलाही आधी कोणी विचारावं लागतं, एवढंच माझं म्हणणं होतं. ते कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

मंगळवार, १८ मार्च

शनिवारचं लिहायला आज बळ आलं. काही मला आठवतं, काही लोकांनी सांगितलं.

सकाळी ऑपरेटरांना घेऊन गेले. जाताना सगळ्यांना हात हलवत होते. वॉर्ड रिकामा झाला, जे डॉक्टर हलू शकत होते ते सगळे खाली. दोन-तीन तासांनी नर्सनं सांगितलं, काकांचं छान झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच सुमारास छातीत सुरू झालं. आधी जळजळ. म्हटलं पित्त. मग जबडा, डावा हात, आणि घाम, इतका की उशी भिजली. बेल हाताशी होती. दाबली नाही. खरं लिहायचं तर वाटलं, एवढा तमाशा करून नाही म्हटलं आणि आता त्यांच्याच खेळात मी व्यत्यय आणायचा? मोडेन, पण बोलावणार नाही.

हे पाणी द्यायला आत आले. माझ्याकडे एकदा बघितलं. भांडं खाली पडलं त्यांच्या हातून, आणि पुढे जे झालं त्याची मला अजून लाज वाटते. हे ओरडले. सगळा मजला दणाणला. नर्स धावली, सुई, गोळ्या, यंत्राची रेघ वेडीवाकडी. छोटी डॉक्टर वॉर्डातच होती, ती आली. म्हणाली, "सरांना बोलवा," आणि कोणीतरी फोन लावत होतं, पण सभागृहात सगळ्यांचे फोन बंद.

हे तेवढ्यात गायब. नर्सनं नंतर सांगितलं ते असं. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली गेले. सभागृहाच्या दारावर एकानं गळ्यातला बिल्ला विचारला, त्याला बाजूला सारलं. दिवे, पडदा, ती सगळी सुटाबुटातली माणसं, आणि हे रबरी चपलांत मधल्या वाटेनं सरळ मंचावर. मोठे डॉक्टर काकांचं आटोपून खाली आले होते, माइकवर कोणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देत होते. यांनी त्यांची बाही धरली. माइक चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. हे म्हणाले, "चला. ती बेल दाबायची नाही."

त्या चपला मी कधीच्या टाकून द्यायला सांगितल्या होत्या.

डॉक्टर वाक्य अर्धं टाकून निघाले, एवढं मात्र कबूल करायला हवं. तोवर मला पंपाच्या खोलीत नेलं होतं, टाय सोडत सोडतच ते तिथे आले. तिथे गार होतं, वर दिवे, पलीकडे पडद्यावर माझ्याच वाहिन्या काळ्या फांद्यांसारख्या. त्यांना हात धुवायची घाई होती, पण ते माझ्या तोंडाशी वाकले. "बाई, आताच करायला हवं. पंप घालून. कॅमेरा नाही. करू?"

मी म्हटलं, "करा." तो शब्द मला सोन्यासारखा वाटला. माझा होता.

फक्त जांघेत बधिर केलं, मी शुद्धीत होते. पुढचं छोट्या डॉक्टरनं सांगितलं. पंप चढवला, ड्रिल आत गेलं, आणि मध्येच माझ्या हृदयानं हात टेकले. आकुंचन जवळजवळ थांबलं. रक्तदाबाची वरखाली होणारी रेघ सपाट झाली. तिनं माझं मनगट धरलं होतं, नाडी लागत नव्हती. पण पंप फिरत होता, रक्त डोक्यापर्यंत पोचत होतं.

"आणि तुम्ही बोलत होतात," ती म्हणाली. "नाडी नाही, आणि तुम्ही सरांना सांगत होतात, माणसाला विचारायची रीत असते म्हणून. सर म्हणाले, बोलू द्या, बोलतायत तोवर मला काळजी नाही."

थोड्या वेळानं हृदय आपलं आपण चालायला लागलं. जाळ्या बसल्या. संध्याकाळी पंप काढला. पायावर काळानिळा डाग आहे हातभर, बाकी मी आहे.

शुक्रवार, २१ मार्च

ऑपरेटर घरी गेले. जाताना खाटेशी येऊन ओरडून म्हणाले, "ताई, माझ्या वेळी टाळ्या पडल्या." मी ओरडून म्हटलं, ऐकलंय.

मोठे डॉक्टर आले. सवयीनं मुलाकडे वळले, मग थांबले, स्टूल ओढून बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बसले. म्हणाले, "बाई, शनिवारचे तुमचे फोटो यंत्रात आपोआप राहतात, उपचारासाठी ते लागतातच. नाडी नसताना माणूस बोलतो हे माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायचं आहे. नाव नाही, चेहरा नाही. दाखवू का?"

मी त्यांना विचारलं, "नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

हो म्हणायचं मी तिथल्या तिथे ठरवलं होतं. पण म्हटलं, "विचार करून सोमवारी सांगते." थांबू देत थोडं. मी थांबले होते.

शनिवार, २२ मार्च

घरी आले. सुनेनं गादी खाली हॉलमध्ये घातली होती, जिना नको म्हणून. मी म्हटलं, मला माझी खोली हवी. मुलगा हो-नाही करायला लागला, मग स्वतःच थांबला आणि म्हणाला, "आई, छोट्या डॉक्टरांना फोन करून विचारू का, जिना चालेल का म्हणून?" म्हटलं, विचार. तिनं सांगितलं, सावकाश, दर चार पायऱ्यांवर थांबून.

चढले. छातीत काही झालं नाही. पित्तही नाही.

यांना मंचावरच्या प्रकाराबद्दल विचारलं, म्हटलं, एवढ्या लोकांत काय बोललात? म्हणाले, "काही नाही. चला म्हटलं." बस्स, एवढंच. हा माणूस कधी सांगणार नाही.

आणि जिन्यावर सगळा वेळ माझ्या मागे. धरत नाहीत, बोलत नाहीत, फक्त एक पायरी खाली, हात पुढे करून. मी दोनदा सांगितलं, तुम्ही पुढे व्हा, तुमची पावलं मागे वाजली की मला घाई होते. झाले नाहीत. इतका हट्टी माणूस मी जन्मात पाहिला नाही.